जुन्या एमजी मोटारीच्या तारांच्या चाकांचे गंजलेले हब (चाक ज्यावर चढतं तो मधला भाग) बडोद्यात सँडब्लास्ट करून क्रोम करावेत का?

नाही, निदान हबच्या दात्यांवर (चाकातल्या खाचांत बसणाऱ्या उभ्या कडांवर) तरी नको. चाकाची सगळी पकड त्या दात्यांवर असते. वाळूच्या माऱ्याने ते झिजतात. इथल्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसीत) लेथवर असली कामं करतो म्हणून सांगतो. डिझेल आणि तारेच्या ब्रशने साफ करून दाते बोटाने तपासा. माथे सपाट असतील तर ग्रीस लावून चाक चढवा. सुरीसारखे धारदार झाले असतील तर हब बदला, आणि झिजलं असेल तर चाकही. नाहीतर ते नवा हबही खाईल. क्रोम फक्त चाक हबवर आवळणाऱ्या मधल्या मोठ्या नटाला. (उजव्या बाजूचा नट उलट्या आट्यांचा असतो, हातोडा उचलण्याआधी मेकॅनिकला सांगा.) बोल्टवाल्या चाकांच्या हबला मात्र दाते नसतात, तिथे बेअरिंग काढून त्यांच्या बसायच्या जागा नीट झाकल्या तर ब्लास्टिंग चालेल.