सिमेंटचे जुने पत्रे काढताय? फोडू नका, अख्खे उतरवा

ताई, तुमचा प्रश्न वाचला. पाटणकडचं जुनं घर, मागच्या पडवीवर आणि गोठ्यावर वडिलांनी टाकलेले सिमेंटचे पत्रे, आई तिथंच राहते, आणि मिस्त्री म्हणतोय की हातोड्यानं फोडून खाली टाकतो, परसात खड्डा काढून पुरतो, एका दिवसात काम उरकतं. तर सगळ्यात आधी त्याला फोन करून थांबवा, बाकी नंतर बघू.

मी छपराची कामं बरीच वर्षं करतोय म्हणून सांगतो, आपल्याकडचा जुना नालीदार सिमेंटचा पत्रा म्हणजे ॲस्बेस्टॉसचाच धरून चालायचं, म्हणजे खाणीतून निघणाऱ्या तंतूंच्या खनिजाचा. साधारण आठ-दहा टक्के पांढरं ॲस्बेस्टॉस म्हणजे क्रायसोटाइल आणि बाकी मुख्यतः सिमेंट. तुटलेल्या पत्र्याची कड उन्हात धरून बघा, सुतासारखे पांढरे धागे बाहेर आलेले दिसतात. पण घात करतात ते हे दिसणारे धागे नाहीत, त्यांचे जे बारीक तंतू होतात ते. ते डोळ्यांना दिसत नाहीत, वाऱ्यावर तासन्‌तास तरंगतात, छातीत खोल गेले की बाहेर येत नाहीत. ॲस्बेस्टॉसिस (फुप्फुसं कडक होत जाणारा आजार), फुप्फुसाचा कॅन्सर, मेसोथेलिओमा (फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर) हे सगळं त्यातून होतं आणि बहुतेक वेळा वीस ते चाळीस वर्षांनी कळतं, म्हणूनच मिस्त्री म्हणतो ना की मी आयुष्यभर फोडत आलोय मला काही झालं नाही, त्या बोलण्याला अर्थ नाही.

म्हणून घाबरून जाऊ नका. पत्रा अख्खा आहे, कुणी हात लावत नाही, तोवर तो सिमेंटात बांधलेला असतो. धोका सुरू होतो तो फोडला, कापला, ड्रिल मारलं, घासला की. आणि तुमच्या भागात पावसामुळं शेवाळ धरतं, ते दरवर्षी तारेच्या ब्रशनं घासून काढायची लोकांना सवय आहे, ती पहिली बंद करायला सांगा, जेट पंपानं धुणंसुद्धा नको. पडवीवरचे पत्रे धड असतील तर खरं सांगायचं तर ते यंदा काढूच नका, रंगाचा जाड कोट मारून ठेवा (न घासता), फक्त गोठ्यावरचे तडे गेलेले काढा. माझं मत असंच आहे, उगाच सगळं एकदम उघडू नये.

आता काढायचेच तर. लोक हे काम मे महिन्यात काढतात, पाऊस तोंडावर, गडबड, आणि तेव्हाच सगळं वाळून कोळ झालेलं, वारा सुटलेला, अंगणात कुरडया-पापडाचं वाळवण. त्यापेक्षा दिवाळीच्या पुढंमागं करा, सकाळी लवकर, वारा पडलेला असताना. आईंना आणि जनावरांना त्या दिवशी दुसरीकडं हलवा, धान्य आत घ्या, पाण्याचा हौद झाका, शेजाऱ्यांना सांगून त्यांच्या खिडक्या लावून घ्या. खाली जमिनीवर प्लॅस्टिक अंथरा.

पाणी मारायला वेगळं काही लागत नाही, शेतातला पाठीवरचा फवारणीचा पंप चालतो, फक्त तणनाशकाचा असेल तर आधी दोन-तीनदा धुवून घ्या. पाण्यात भांड्याचा लिक्विड साबण थोडासा टाका, म्हणजे पाणी नुसतं ओघळून जात नाही, पत्र्यात मुरतं. बारीक फवारा, दोन्ही बाजूंनी, आणि काम चालू असताना परत परत. पण ओल्या पत्र्यावर कुणीही पाय ठेवायचा नाही. हे मी दहादा सांगेन. वाळलेल्यावरही नाही. जुना पत्रा वरून दणकट दिसतो आणि माणसाच्या वजनानं मधोमध फुटतो, माझ्या ओळखीचा एक गवंडी असाच थेट खाली फरशीवर आला, कंबर मोडली, आज काम करता येत नाही. कॅन्सर वीस वर्षांनी, हे त्याच क्षणी. त्यामुळं शक्य असेल तर खालून परांची बांधून काम करायचं, आणि वर जावंच लागलं तर दोन-तीन अँगलांवर टेकेल अशी रुंद फळी टाकून, कमरेला दोर बांधून.

तुमचे पत्रे लोखंडी अँगलवर हूकनं बसवलेत असं तुम्ही लिहिलंय, हे बरं आहे. नट गंजलेले असणार, पान्यानं जोर लावून फिरवत बसलात की पत्रा भोकापाशी तडकतो. खालून हूक बोल्ट कटरनं तोडा. ग्राइंडर अजिबात नको, त्याची पाती पत्र्याला लागली की सगळी धूळ हवेत. आधी वरचा कोन (आढ्यावर बसवलेला तुकडा) काढायचा, मग ज्या पत्र्याची कड शेजारच्याच्या वर बसलीय तो, म्हणजे बसवताना जो शेवटी बसवला तो आधी. दहा फुटी पत्रा चाळीस किलोच्या आसपास भरतो, ओला झाला की जास्तच, म्हणून दोन माणसं वर परांचीवर किंवा फळीवर आणि दोन खाली, हातोहात उतरवायचा. सरकवायचा नाही, टाकायचा तर नाहीच.

मास्कचं. गमछा, सर्जिकल मास्क, कोविडमधले उरलेले मास्क यांचा इथं उपयोग नाही. पी-१०० फिल्टरचा रबरी अर्धा मास्क किंवा एफएफपी-३ (दोन्ही अगदी बारीक धूळ अडवणारे), इंडस्ट्रियल सेफ्टीचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतो. दाढी असेल तर तो नीट बसत नाही. अंगात डिस्पोजेबल सूट, पायात गमबूट. हे खर्च मिस्त्रीवर ढकलू नका ताई, तो घेणार नाही, आणि त्याच्या मजुरांना कुणी काही सांगितलेलं नसतं. ते लोक तेच कपडे घालून घरी जातात, बायको झटकून धुते, लहान पोरं अंगावर येऊन बसतात. परदेशात ॲस्बेस्टॉस कामगारांचे कपडे धुणाऱ्या बायकांना मेसोथेलिओमा झाल्याच्या नोंदी आहेत. सूट तिथंच काढायचा, पिशवीत बांधायचा, तिथंच डोक्यावरून आंघोळ, मगच घरी. एवढी सोय आपण करून द्यायलाच हवी.

उतरवलेले पत्रे ओले असतानाच गुंडाळायचे. पॉलिहाऊसचा २०० मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा कागद मिळतो ना, तो घ्या, दुहेरी गुंडाळा, सगळीकडून टेप मारा, वर मोठ्या अक्षरात ‘ॲस्बेस्टॉस, फोडू नये’ लिहा. तुकडे वेगळ्या जाड पिशवीत, दोनदा बांधून. खालची धूळ झाडूनं झाडायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची, अँगल आणि भिंतीचा वरचा भागसुद्धा, आणि फडकी त्याच पिशवीत.

आता पुढं कुठं न्यायचं, ही सगळ्यात अवघड गोष्ट. घातक कचऱ्याचे २०१६ चे नियम आहेत पण ते कारखान्यांकडं बघून लिहिलेत, घराच्या छपराचं कुणी विचारत नाही. ॲस्बेस्टॉसच्या कचऱ्याची विल्हेवाट कशी लावावी याचं भारतीय मानक, आयएस ११७६८, तर १९८६ पासून आहे, तरी ग्रामपंचायतीत विचारलंत तर ओढ्याकाठी टाका म्हणतील. महाराष्ट्रात घातक कचऱ्याच्या अधिकृत जागा तळोजा, महापे, रांजणगाव आणि बुटीबोरीला आहेत. तुम्हाला रांजणगाव जवळ. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या साताऱ्याच्या ऑफिसला लेखी अर्ज द्या, किती पत्रे, अंदाजे वजन किती ते लिहून, आणि रांजणगावच्या त्या जागेलाही सरळ फोन करा. एका घराच्या मालासाठी गाडी पाठवायला कुणी उत्सुक नसतं, म्हणून वाडीतल्या दोन-तीन घरांचे एकत्र करता आले तर बघा. तोवर गुंडाळलेली थप्पी सपाट जागेवर, ताडपत्रीखाली, पोरांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. महिने गेले तरी चालेल, बांधलेला पत्रा काही करत नाही.

भंगारवाल्याला देऊ नका, तो फोडूनच नेणार. कुणी कोंबड्यांच्या खुराड्याला मागेल, फुकट देऊन टाकावंसं वाटेल, तरी नको. तुकडे रस्त्याच्या भरावात पण नकोत.

नवीन काय टाकायचं विचारलंत. आपल्याकडं खाणी बंद आहेत पण क्रायसोटाइल आयात होतं आणि ॲस्बेस्टॉसचे नवे पत्रे आजही दुकानात सर्रास मिळतात, हे लक्षात ठेवा, दुकानदाराला बिनॲस्बेस्टॉसचा मागायचा आणि बिलावर लिहून घ्यायचं. कौलं सुंदर, पण तुमच्याकडं माकडं टिकू देत नाहीत. मी असतो तर कलर कोटेड पत्रा घेतला असता, खाली इन्सुलेशनचा थर, नाहीतर उन्हाळ्यात आईंना आत बसवणार नाही आणि पावसात आवाजानं झोप लागणार नाही.

गोठ्यावरच्या तडा गेलेल्या पत्र्यांचे फोटो पाठवा, खालून आणि बाजूनं, आणि अँगलांमधलं अंतर मोजून लिहा. कुठल्या टोकानं सुरुवात करायची आणि परांची कुठं उभी करायची ते बघून सांगतो.