आमच्या देवळाला जागा नाही. तरी इतर धर्मांच्या लोकांबरोबर बेघरांसाठी काम करता येईल का?

तुम्ही न्यू जर्सीत राहता आणि देवळात जेमतेम एक सभागृह आहे, असं लिहिलंय. तरीही नक्की करता येईल. मी 2013 ते 2019 अशी सहा वर्षं इथे या कामात स्वयंपाकाला जात होते, त्यावरून सांगते.

आपल्याकडे गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. बेघर कुटुंबांना आळीपाळीने आसरा द्यायची इथली पद्धत तशीच आहे, फक्त वाराऐवजी आठवडा आणि घराऐवजी चर्च किंवा सिनगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ. करेन ओल्सन या बाईंनी न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकापाशी एका बेघर म्हातारीला सँडविच दिलं, तिच्याशी बोलत बसल्या आणि त्यातून पुढे 1986 मध्ये न्यू जर्सीतल्या समिट गावाच्या परिसरात 11 प्रार्थनास्थळांनी मिळून हे सुरू केलं. आज ती संस्था 'फॅमिली प्रॉमिस' म्हणून ओळखली जाते.

तीन-चार कुटुंबं, फार तर 14 माणसं, आठवडाभर एका ठिकाणी राहतात. रविवारच्या शाळेचे वर्ग रात्री झोपायच्या खोल्या होतात, प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र. हे मला फार मोलाचं वाटतं, कारण बऱ्याच निवाऱ्यांत आईबरोबर बापाला किंवा वयात आलेल्या मुलाला घेत नाहीत. इथे घर मोडत नाही. दिवसा सगळे एका केंद्रावर जातात. तिथे अंघोळ, कपडे धुणं आणि नोकरी-घर शोधायला मदत करणारी माणसं असतात. मुलांची शाळाही बदलावी लागत नाही. बेघर मुलांसाठीच्या मॅकिनी-व्हेंटो या अमेरिकी कायद्याने तो हक्क दिलाय. रविवारी चाकाच्या घडीच्या खाटा ट्रकमध्ये चढतात आणि मुक्काम हलतो.

ज्यांच्याकडे जागा नसते ते 'मदतनीस' म्हणून राहायला जागा देणाऱ्या यजमानांशी जोडून घेतात. तुम्ही इथूनच सुरुवात करा. आम्ही एका सिनगॉगशी जोडलेलो होतो. त्यांचं स्वयंपाकघर कोशर, म्हणजे ज्यू धर्माचे खाण्याचे नियम पाळणारं, त्यामुळे घरून डबे करून न्यायचे नाहीत. त्यांना विचारून आणलेलं बंद पाकिटातलं सामान घेऊन तिथेच, त्यांच्याच भांड्यांत शिजवायचं. पहिल्या दिवशी मी मुगाची खिचडी केली, मिरची न घालता. सात-आठ वर्षांचा एक मुलगा ताटाकडे नुसता बघत राहिला. मी वर तूप सोडलं तेव्हा वास घेऊन म्हणाला, "हे पॉपकॉर्नसारखं आहे," आणि दोनदा वाढून घेतलं. त्यानंतर मात्र मी दर वेळी आधी मुलांना काय आवडतं ते विचारायला लागले. मॅकरोनी-चीज केलं म्हणून आपलं काही कमी होत नाही. दमून आलेल्या पोराला ओळखीचं अन्न हवं असतं.

आणि वाढून झालं की निघून जाऊ नका, त्यांच्याबरोबर बसून जेवा. आपल्या लोकांना वाढायची इतकी सवय की पंगतीला बसायचं राहूनच जातं.

2020 च्या साथीनंतर अनेक ठिकाणी हे फिरतं राहणं बंद होऊन एकाच इमारतीत सोय झाली आहे. तरी जेवणाच्या पाळ्या लागतातच. तुमच्या काउंटीत काय पद्धत आहे ते आधी विचारा, आणि थेट विचारा: कोणत्या वारी स्वयंपाकाला माणसं कमी पडतात? तेवढा एकच वार घ्या, पण तो चुकवू नका. तिकडे त्या दिवशी दुसरं कोणी येणार नसतं.