मठाचा इतिहास लिहायला घेतलास त्या निमित्ताने

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

बोस्टनजवळच्या केंब्रिजमधल्या एपिस्कोपल (अमेरिकेतल्या अँग्लिकन पंथाच्या) मठावर लिहायचं ठरवलंस, फार बरं वाटलं. आराखडा वाचला. पहिलं प्रकरण राल्फ अ‍ॅडम्स क्रॅम यांच्या वास्तुरचनेवर आहे, ते मागे ने. चार्ल्स नदीकाठची ती दगडी इमारत विसाव्या शतकातली. मठ ज्याचा, तो सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट हा साधूंचा संघ त्याच्या कितीतरी आधीचा. बोस्टनच्या धनाढ्य कलासंग्राहक इझाबेला स्टुअर्ट गार्डनर यांनी मठाला केलेल्या मदतीला एक परिच्छेद पुरे.

सुरुवात ऑक्सफर्डजवळच्या काउलीपासून कर. तिथले पाद्री रिचर्ड म्यू बेन्सन यांना हिंदुस्थानात यायचं होतं. काउलीत नवी वस्ती वाढत होती, म्हणून बिशपांनी त्यांना थांबवून घेतलं. डिसेंबर १८६६ मध्ये त्यांनी अमेरिकन चार्ल्स ग्राफ्टन आणि सिमियन ओ'नील यांच्यासह दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालनाची व्रतं घेतली. हीच या संघाची सुरुवात. १८७० मध्ये बेन्सन बोस्टनला पोचले. ओ'नील इंदूरला आले आणि १८८२ मध्ये तिथेच वारले.

आणि पुणं विसरू नकोस. १८९० मध्ये टिळक-रानडे ज्या पंचहौद मिशनमध्ये चहा प्यायले आणि पुढे ग्रामण्य (जातीतून बहिष्काराचा वाद) झालं, ते मिशन याच संघाच्या हातात होतं. पंडिता रमाबाईंना ख्रिस्ती धर्माकडे नेण्यात ज्यांचा मोठा वाटा, ते नीलकंठशास्त्री गोरेही याच संघातले. काशीत वाढलेला हा चित्पावन पंडित संघात उमेदवार (अंतिम व्रताआधीचा शिकाऊ साधू) म्हणून आला आणि अखेरपर्यंत उमेदवारच राहिला. अंतिम व्रत त्यांनी घेतलंच नाही. का, ते तपास. माझ्या मते तुझ्या पुस्तकाचा जीव तिथे आहे. अमेरिकेतले अभ्यासक या बाजूला क्वचितच वळतात. तुला मराठी येतं, ही केवढी जमेची बाजू!

अतिथिगृहात उतरशील तेव्हा मुलाखतींची घाई करू नकोस. पाहुण्यांनी मौनात, प्रार्थनेत राहायचा एकांतवास हा मठाचा जोडधंदा नव्हे. अशी मौनसत्रं बेन्सन स्वतः घेत. पहाटेपासून रात्रीपर्यंतच्या सगळ्या उपासनांना बस. स्तोत्र म्हणताना प्रत्येक चरणाच्या मध्यावर सगळे एकदम थांबतात, श्वासभर. नवखा माणूस हमखास पुढे जातो. तो विसावा अंगवळणी पडला की मग प्रश्न विचार.

सुट्टीत पुण्याला आलास की गुरुवार पेठेतलं पंचहौद मिशनचं होली नेम चर्च आपण मिळून पाहू. त्याआधी गोऱ्यांवरचं प्रकरण लिहून पाठव, कच्चं असलं तरी चालेल.

कळावे.