‘कल्प’ म्हणजे नेमकी किती वर्षे? युग आणि मन्वंतरापेक्षा तो मोठा का?
कल्प म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस, ४३२ कोटी वर्षांचा. युग आणि मन्वंतर दोन्ही त्याच्या पोटात येतात. हा हिशोब सूर्यसिद्धांत या प्राचीन खगोलग्रंथातला आहे. चार युगं मिळून एक महायुग, ४३,२०,००० वर्षांचं. अशी ७१ महायुगं म्हणजे एक मन्वंतर. कल्पात मन्वंतरं १४, म्हणजे ९९४ महायुगं. उरलेली ६ महायुगांइतकी वर्षं १५ संधिकाळांत, म्हणजे मन्वंतरांच्या आधी-नंतर येणाऱ्या जोडकाळांत, वाटलेली आहेत, म्हणून बेरीज बरोबर १००० महायुगं होते. किती चोख बांधणी आहे ही! पूजेच्या संकल्पात आपण ‘श्वेतवाराहकल्पे वैवस्वतमन्वंतरे’ म्हणतो, तो चालू काळाचा पत्ताच. मात्र भूविज्ञानातला ‘महाकल्प’ वेगळा. डायनोसॉरांचा मध्यजीव महाकल्प सुमारे २५.२ ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. तिथे ४३२ कोटींचा आकडा लावू नका.