चित्राची शैली ओळखायची तर आधी सावली बघा

तुम्ही विचारलंय की रेनेसाँ, बरोक, इम्प्रेशनिझम, क्युबिझम ही नावं पाठ झाली, पण समोर चित्र आलं की काहीच ओळखू येत नाही. सनावळ्या तूर्त बाजूला ठेवा. उजेड कुठून येतोय आणि सावली कोणत्या रंगाची आहे, एवढंच बघा. निम्मं काम तिथेच होतं.

लिओनार्दोच्या 'मोनालिसा'च्या ओठांचे कोपरे शोधून बघा, नेमके कुठे संपतात ते सापडत नाही. उजेड इतक्या हळू सावलीत विरतो. हा रेनेसाँ. पुढे शंभरेक वर्षांनी काराव्हाज्जो येतो आणि खोलीतले दिवेच मालवून टाकतो. रोमच्या सान लुइजी देई फ्रांचेझी चर्चमध्ये त्याचं संत मॅथ्यूचं चित्र आहे (१५९९-१६००). जकातवाले टेबलाशी पैसे मोजत बसलेत, त्यांच्यातल्याच मॅथ्यूला उजवीकडून ख्रिस्त हात करून बोलावतोय आणि ख्रिस्ताच्या डोक्यावरून उजेडाचा तिरपा पट्टा थेट त्यांच्या चेहऱ्यांवर पडलाय. गंमत म्हणजे भिंतीत खिडकी रंगवलीय, पण उजेड तिच्यातून येतच नाही! बाकी सगळा काळोख. एवढं नाट्य दिसलं की खुशाल बरोक म्हणा.

रोकोको आणि निओक्लासिकल या बरोकनंतरच्या शैली मी गाळतोय. तिथे सावलीपेक्षा विषय आणि कपडेपटच जास्त सांगतात.

इम्प्रेशनिस्टांच्या चित्रात सावली काळी न राहता निळी-जांभळी होते. १८४१ मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने रंगाच्या धातूच्या ट्यूबचं पेटंट घेतलं, त्यामुळे रंग घेऊन उघड्यावर बसणं आणि उन्हातल्या सावलीचा रंग बघून रंगवणं सोपं झालं होतं. मोनेचं फ्रान्सच्या ल हाव्र बंदरातल्या सूर्योदयाचं चित्र (१८७२) मोबाइलवर उघडा आणि ब्लॅक अँड व्हाइट करा. तो झगझगीत नारिंगी सूर्य जवळजवळ गायब होतो! कारण तो भोवतालच्या आकाशाइतकाच उजळ आहे, फरक फक्त रंगाचा. मला विचाराल तर इम्प्रेशनिझम समजायला एवढा एक प्रयोग पुरतो.

१९०५ मध्ये मातीस बायकोच्या चित्रात चेहऱ्याच्या मधोमध कपाळापासून खाली सरळ हिरवा पट्टा ओढतो. उजेडाची बाजू आणि सावलीची बाजू यांच्यामधली हद्दच ती, फक्त रंग मनाला येईल तो. हा फोव्हिझम. क्युबिझममध्ये उजेडाची एक दिशाच उरत नाही. पिकासोने १९१० मध्ये रंगवलेला चित्रविक्रेता कानवायलर बघा: करड्या-तपकिरी तुकड्यांचा ढीग, आणि जवळपास प्रत्येक तुकड्यावर वेगळीकडून आलेला उजेड. जरा वेळ दिलात तर खाली जुळवलेले हात दिसतात.

मोंद्रियानच्या लाल-पिवळ्या-निळ्या चौकोनांपुढे मात्र ही युक्ती चालत नाही, तिथे मुळात सावलीच नाही. अमूर्त चित्रांबद्दल विचारायचं असेल तर वेगळा प्रश्न टाका.