पायपेडल मागवण्याआधी हात दाखवा

कीबोर्डवरचं एखादं बटण हाताऐवजी पायाने दाबता यावं म्हणून यूएसबीला जोडायचं पेडल मिळतं. त्याबद्दल येणाऱ्या पत्रांत तेच तेच गोंधळ दिसतात, म्हणून उत्तरं एकत्र देते. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. टायपिंग करून हात दुखावलेली माणसं माझ्याकडे रोज येतात.

प्रश्न : शिलाई मशीनचं जुनं पेडल घरात पडून आहे. वायर बदलून ते संगणकाला जोडता येईल का?

नाही. ते 230 व्होल्टच्या विजेवर मोटर चालवण्यासाठी असतं. यूएसबीत 5 व्होल्ट असतात.

प्रश्न : मी मुलाखती ऐकून उतरवून काढते. रेकॉर्डिंग पायाने थांबवायचं-चालवायचं जुनं डिक्टेशन पेडल स्वस्तात मिळतंय. त्याने शिफ्टही दाबता येईल, असं विक्रेता म्हणतो.

त्याला ते करून दाखवायला सांगा. नोटपॅड उघडायचं, पेडल दाबून धरायचं आणि हाताने एक इंग्रजी अक्षर टाइप करायचं. अक्षर कॅपिटल आलं, तर त्याचं म्हणणं खरं. बरीचशी डिक्टेशन पेडल फक्त ऑडिओच्या सॉफ्टवेअरशी बोलतात. संगणकाच्या लेखी ती कीबोर्ड नसतातच. काही स्वस्त पेडल बटण दाबून लगेच सोडतात, धरून ठेवत नाहीत. शिफ्टसाठी ती निरुपयोगी आहेत. प्लग नऊ पिनांचा असेल तर घेऊच नका, आजच्या लॅपटॉपला ती जागा नसते.

प्रश्न : दिवसाला आठ तास इनस्क्रिप्टवर (भारतीय लिपींसाठीची कीबोर्डची मांडणी) मराठी टाइप करते. चार महिन्यांपासून करंगळीला मुंग्या येतात, रात्री ती बधिर होते. मैत्रिणीच्या सांगण्यावरून तीन पेडलांचा संच मागवतेय. जाहिरातीत ‘डॉक्टरांनी शिफारस केलेला’ असं आहे. घेऊ ना?

आत्ता नको. चार महिने तुम्ही हात कोणाला दाखवला नाहीत आणि आता पेडल येण्याची वाट पाहण्यात आणखी दिवस जातील, याची मला जास्त काळजी वाटते.

शिफ्टचा त्रास खरा आहे. इनस्क्रिप्टवर ख, घ, थ, ध, भ शिफ्टने येतात आणि मराठीचे हक्काचे ळ, ण, शही शिफ्टनेच. साधं ‘आणि’ लिहायला दोनदा शिफ्ट लागतो, ‘शाळा’ लिहायलाही दोनदा. हा सगळा भार करंगळीवर पडतो, त्यामुळे शिफ्ट पायाकडे देण्याची कल्पना चांगलीच आहे.

पण भाराने दुखणं वेगळं आणि मुंग्या येणं वेगळं. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाची अर्धी बाजू यांची संवेदना अल्नर नसेकडे असते. ही नस कोपराच्या आतल्या बाजूने, हाडाला लागून जाते. टेबलाच्या कडेवर कोपर टेकवून बसणं, तासन् तास फोन कानाला लावणं, कोपर दुमडून झोपणं यानेही ती दबते. तुमचं कारण तिथे असेल, तर पायाखाली दहा पेडल ठेवलीत तरी रात्रीचा बधिरपणा जाणार नाही. दरम्यान नस दबलेलीच राहील. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसल भाग खोलगट दिसायला लागला, किल्ली फिरवताना जोर कमी पडायला लागला, की उशीर झालेला असतो. गेलेला स्नायू पुष्कळदा पूर्ण भरून येत नाही. म्हणून याच आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञ किंवा न्यूरॉलॉजिस्ट गाठा. नसेची तपासणी करायची का, ते त्यांना ठरवू दे. कोणत्या डॉक्टरांनी, कोणाला तपासून शिफारस केली, हे जाहिरातीत कधीच नसतं. तुमच्या मैत्रिणीला आराम पडला असेल, पण तिची नस म्हणजे तुमची नस नव्हे.

तोवर एक पैसाही खर्च न करता विंडोजमधली ‘स्टिकी कीज’ची सोय वापरून पाहा. शिफ्ट लागोपाठ पाचदा दाबलात की ती सुरू करायची का, असं संगणक विचारतो. मग शिफ्ट धरून ठेवावा लागत नाही. आधी शिफ्ट, नंतर अक्षर. डॉक्टरांनी पेडलला हरकत घेतली नाही, तर एकच पेडल घ्या आणि त्यावर फक्त शिफ्ट ठेवा. तीन पेडलांत पाय चाचपडत राहतो.

प्रश्न : पेडल वापरून आठवडा झाला, आता नडगी दुखते.

चवडा सतत हवेत उचलून धरत असणार. टाच जमिनीवर आणि चवडा पेडलवर टेकून विसावायला हवा, तेवढ्या वजनाने पेडल दबता कामा नये. दबत असेल तर स्प्रिंग फार मऊ आहे, ते पेडल बदला. पाय जमिनीला पुरत नसतील तर खुर्ची खाली घ्या किंवा पाय आणि पेडल दोन्ही मावतील असा रुंद पाट ठेवा. दुखणं पोटरीत असेल, सूज असेल, तर पेडल राहू द्या आणि आधी डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : मधुमेह आहे, तळपाय थोडे बधिर वाटतात. पेडल चालेल?

डॉक्टरांनी पाय तपासल्याशिवाय नाही. बधिर पायाला घासलेलं, टोचलेलं कळत नाही आणि छोट्या जखमेचं मोठं दुखणं होतं. तपासणी पेडलसाठी म्हणून नव्हे, एरवीही करायलाच हवी.

प्रश्न : मॅकवर पेडलचा शिफ्ट लागत नाही. पेडल खराब आहे का?

बहुधा नाही. मॅकच्या लेखी पेडल हा वेगळा कीबोर्ड असतो आणि मॅक एका कीबोर्डचा शिफ्ट दुसऱ्याला लावत नाही. काराबिनर हे मोफत सॉफ्टवेअर ती अडचण सोडवतं. संगणक ऑफिसचा असेल तर ते टाकण्याआधी आयटी विभागाला विचारा.

प्रश्न : सरकारी टायपिंग परीक्षेला पेडल नेता येईल?

परीक्षा घेणाऱ्या संस्थेला आजच लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या. हाताच्या त्रासामुळे हवं असेल, तर अर्जासोबत डॉक्टरांचा दाखला जोडा.