मोडल्या हाताने खेळलेला कर्णधार

प्रश्न : ब्रिस्बेनला स्थायिक झालेला माझा भाचा चतुर्थीला घरी आला होता. तिथल्या एका वयोवृद्ध शेजाऱ्यांनी त्याला सांगितले की, १९५८ साली इंग्लंडच्या रग्बी संघाचा कर्णधार हात मोडलेला असताना जवळजवळ सबंध सामना खेळला आणि तो जिंकला. हे खरे आहे काय? हा खेळाडू कोण होता आणि त्याच्या जागी दुसऱ्याला का उतरवले नाही?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : गोष्ट खरी आहे. त्या खेळाडूचे नाव ॲलन प्रेस्कॉट. मात्र ते नेतृत्व करत होते तो संघ ग्रेट ब्रिटनचा होता आणि खेळ होता रग्बी लीग, म्हणजे तेरा जणांचा रग्बी. आपल्याकडे रग्बी म्हटले की पंधरा जणांचा रग्बी युनियन डोळ्यांसमोर येतो, म्हणून हा खुलासा आधी केलेला बरा.

प्रेस्कॉट यांचा जन्म १९२७ साली लँकेशायरमधील विडनेस गावचा. हॅलिफॅक्स क्लबकडून ते प्रथम विंगवर खेळले. विंग ही मैदानाच्या कडेने धावणाऱ्या चपळ खेळाडूची जागा. १९४९ साली ते सेंट हेलेन्स क्लबकडे आले आणि पुढे प्रॉप झाले. स्क्रम म्हणजे दोन्ही संघांचे गडी खांद्याला खांदा लावून चेंडूसाठी एकमेकांना रेटतात ती झुंज. प्रॉप म्हणजे स्क्रमच्या पहिल्या फळीत, मधल्या खेळाडूच्या, म्हणजे हूकरच्या, एका बाजूला खांदा लावून उभा राहणारा आडदांड गडी. कडेवरून थेट स्क्रमच्या तोंडाशी आलेले खेळाडू विरळाच. प्रेस्कॉट यांनी विंगवरचा वेग प्रॉपच्या जागीही टिकवला आणि त्यातच त्यांचे वेगळेपण होते, असे मला वाटते. १९५६ साली वेम्बली मैदानावर क्लबांच्या चॅलेंज कप स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्यांच्या नेतृत्वाखाली सेंट हेलेन्सने हॅलिफॅक्सला, म्हणजे त्यांच्याच जुन्या क्लबला, १३–२ असे हरवले. सेंट हेलेन्सने तो कप जिंकण्याची ती पहिलीच वेळ. प्रेस्कॉट यांनी स्वतः एक ट्राय केला, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून गुण मिळवले, आणि त्या सामन्यातील सर्वोत्तम खेळाडूला मिळणारा लान्स टॉड चषकही त्यांनाच मिळाला.

आता ब्रिस्बेनविषयी. १९५८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यातील पहिली कसोटी, म्हणजे दोन देशांच्या संघांतला सामना, सिडनीला झाली आणि ग्रेट ब्रिटन ती ८–२५ असे हरले होते. ५ जुलै रोजी ब्रिस्बेनच्या एक्झिबिशन मैदानावरील दुसरी कसोटीही हातची गेली असती, तर मालिका तिथेच संपली असती. सामन्याच्या चौथ्या मिनिटालाच प्रेस्कॉट यांचा हात मोडला. पुढे डेव्हिड बोल्टन यांचे गळपट्टीचे हाड मोडून त्यांना मैदान सोडावे लागले. व्हिन्स कॅरेलियस पाठीच्या दुखापतीने बेजार होते, जिम चॅलिनर यांचा खांदा आणि एरिक फ्रेझर यांचे कोपर दुखावले होते. म्हणजे तेरांपैकी बारा उरले आणि त्या बारांपैकीही धडधाकट थोडेच होते. अशा वेळी प्रेस्कॉट बाहेर गेले असते, तर अकराच जण राहिले असते. ते बाहेर गेले नाहीत.

मोडक्या हाताने हा खेळ खेळणे म्हणजे काय, हे नीट समजून घ्यायला हवे. समोरून धावत येणाऱ्या गड्याला दोन्ही हातांचा विळखा घालून पाडायचे असते. स्वतः पाडले गेल्यावर उठून उभे राहायचे, चेंडू जमिनीवर ठेवायचा आणि टाचेने मागे सारायचा, लगेच पुढच्या हल्ल्याला तोंड द्यायचे. स्क्रममध्ये तर प्रॉपचा हात शेजारच्याला घट्ट कवटाळून असतो आणि पलीकडच्या सगळ्या फळीचा भार त्याच्या खांद्यावर येतो. प्रेस्कॉट हे सारे एक हात लोंबकळत ठेवून उरलेला संपूर्ण सामना करत राहिले. ग्रेट ब्रिटनने कसोटी २५–१८ अशी जिंकली. एकोणीस वर्षांचे ॲलेक्स मर्फी त्याच संघात होते आणि पुढे ते या खेळातील थोर खेळाडूंमध्ये गणले गेले. सिडनीच्या तिसऱ्या कसोटीत ४०–१७ असा विजय मिळवून पाहुण्यांनी मालिकाही खिशात घातली. त्या सामन्यात प्रेस्कॉट नव्हते. ब्रिस्बेनचा सामना हा त्यांचा देशासाठीचा अखेरचा सामना ठरला. ग्रेट ब्रिटनकडून ते एकूण २८ कसोटी सामने खेळले.

दुसऱ्याला का उतरवले नाही, याचे उत्तर सरळ आहे. नियमात बदली खेळाडूच नव्हता. विश्वचषक फुटबॉलमध्येही बदली खेळाडू १९७० पासूनच उतरू लागले, हे आपल्या जुन्या फुटबॉलप्रेमींना आठवत असेल. इंग्लंडच्या रग्बी लीगमध्ये १९६४ साली केवळ दुखापत झाल्यास बदलीची मुभा मिळाली आणि कोणत्याही कारणासाठी ती त्यानंतर मिळाली. प्रेस्कॉट यांच्या धैर्याविषयी मला मनापासून आदर आहे. पण मोडलेले हाड घेऊन माणसाला तासाहून अधिक काळ झुंजायला लावणारा नियम वाईटच होता, आणि ही कहाणी सांगताना त्या नियमाचेही नाव घेतले पाहिजे. जखमी खेळाडूला बाहेर काढणे ही आज कमकुवतपणाची खूण मानली जात नाही, याचा आनंद वाटतो.

प्रश्न : मग रग्बी लीगचे हे खेळाडू व्यावसायिक होते म्हणजे त्यांना भरपूर पैसा मिळे काय?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : नाही. त्या काळी बहुतेक जण दिवसा नोकरी करत, आठवड्यातल्या एकदोन संध्याकाळी सराव करत आणि शनिवारी सामना खेळत. सामना जिंकला तर एक रक्कम मिळे आणि हरला तर तिच्याहून कमी. क्लबशी करार करताना मात्र काहींच्या पदरात एकरकमी बरे पैसे पडत. सेंट हेलेन्स हे काचेचे कारखाने आणि कोळशाच्या खाणी असलेले कष्टकऱ्यांचे शहर. आपल्याकडे खाण कंपन्यांच्या फुटबॉल संघांतील खेळाडू कंपनीत नोकरीला असत, त्याच्याशी याचे थोडे साम्य आहे. फरक इतकाच की तिथे नोकरी एकीकडे असे आणि क्लब दुसरीकडे.

मुळात हा खेळ रग्बी युनियनपासून वेगळा झाला तोच मजुरीच्या प्रश्नावरून. उत्तर इंग्लंडचे खेळाडू खाणीत किंवा गिरणीत राबत, आणि सामन्यासाठी खाडा केला की त्यांची मजुरी कापली जाई. ती भरून द्यावी, ही क्लबांची मागणी मान्य न झाल्याने त्यांनी २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात आपली स्वतंत्र संघटना काढली. त्यानंतर जो लीगमध्ये पैसे घेऊन खेळला, त्याला युनियनची दारे कायमची बंद झाली. प्रेस्कॉट १९६१ साली प्रशिक्षक म्हणून पुन्हा वेम्बलीला गेले आणि त्यांच्या सेंट हेलेन्सने विगनला १२–६ असे नमवून चॅलेंज कप जिंकला, तेव्हाही ही बंदी कायम होती. ती उठली १९९५ साली, म्हणजे युनियननेच खेळाडूंना पैसे द्यायला सुरुवात केली तेव्हा.